सुगत, तो फोन मी केला होता

तुझ्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं, सुगत, आणि मी खोटं बोलले. एकाच शब्दापुरतं. "एक माथेफिरू पालक शाळेत घुसला आणि..." असं मी म्हणाले. समोर नववी-दहावीची मुलं मांडी घालून बसली होती, शिक्षक भिंतीला टेकून उभे होते आणि पहिल्या खुर्चीत तुझी आई, पांढऱ्या साडीत, माझ्याकडे एकटक बघत. 'घुसला' हा शब्द तोंडातून गेला आणि मला पुढचं काही सुचेना. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. पाणी पिऊन मी खाली बसले.

तो घुसला नव्हता. गेटवरच्या वहीत त्याचं नाव आहे, आल्याची वेळ आहे आणि 'कोणाला भेटायचे' या रकान्यात माझं नाव आहे. ती वही पोलिसांनी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. हे लिहितेय ते तुला ऐकू जाईल असं काही मी मानत नाही, आणि तू तर मुळीच मानत नव्हतास. पण तुझ्याशी भांडायची सवय बारा वर्षांची आहे. ती एकोणीस दिवसांत जात नाही.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतंय? मी परळच्या आपल्या शाळेत मराठी शिकवायची, तू संगणक. शनिवारचा शेवटचा तास तू मुख्याध्यापिकाबाईंकडून मागून घेतलास आणि फळ्यावर लिहिलंस, 'जुन्यातून नवं'. मुलांनी घरात सापडेल ते आणायचं, ज्याचं असेल त्याला विचारून, आणि कुठून काय घेतलं ते शेवटी लिहायचं. आजोबांची कॅसेट, आईबापाच्या लग्नाची सीडी, मोबाइलमधले जुने व्हॉइस मेसेज, बारशाचे फोटो. ते कापायचं, जोडायचं, एकावर एक चढवायचं आणि त्यातून तीन मिनिटांची स्वतःची गोष्ट करायची. मी स्टाफरूममध्ये म्हणाले, "दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणायला शिकवतोयस तू मुलांना."

"आणि तू निबंधात काय शिकवतेस?" तू म्हणालास. "पुस्तकातली तीच वीस वाक्यं सगळ्यांच्या वहीत. माझी पोरं निदान घरातनं काय तरी घेऊन येतात."

मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग तू मला लॅबमध्ये नेऊन तुझा स्वतःचा नमुना दाखवलास. वरळीची तुमची बीडीडी चाळ रिकामी होत होती तेव्हा तू महिनाभर आवाज गोळा केले होतेस. मोरीतला नळ, कॅरमच्या सोंगट्या, लाकडी जिन्यावरची पावलं. त्या सगळ्यावर तू भिंत फोडणाऱ्या यंत्राचा दणका चढवला होतास. दर दणक्याला एक आवाज गळत जायचा, आणि शेवटी नुसतं यंत्र. मी बाहेर येऊन तोंड धुतलं. तू मागून आलास. "आवडलं म्हण ना," म्हणालास. मी नाही म्हणाले. आज म्हणते.

त्या दिवशी मी तुला आमच्या फणसवाडीतल्या घराचं सांगितलं होतं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझे वडील बँकेत होते, सभ्य गृहस्थ. घरात आवाज चढवून बोलत नसत. माझ्या भावाला पट्ट्यानं मारायचे. मारण्याआधी आई खिडकी लावायची आणि रेडिओचा आवाज वाढवायची. शेजारचे दुसऱ्या दिवशी म्हणायचे, तुमच्याकडे बाई गाण्याची काय आवड! मी पलंगाखाली बसून पट्ट्याचे फटके मोजायची. तू ऐकून घेतलंस. "भाऊ कुठेय आता?" एवढंच विचारलंस. दुबईला, म्हटलं. येत नाही. त्यानंतर तू मला एकांतात बाई म्हणायचं सोडलंस.

हे इतकं सांगतेय कारण सायलीचं काम पाहताना मला काय झालं ते तुला नीट कळलंच नाही. मी कळू दिलं नाही.

सायली तेव्हा नववीत होती. लालबागची. वडील टेम्पो चालवायचे, आई वनिताताई मसाला कांडायच्या गिरणीवर कामाला. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. गुरुवारी शाळा सुटल्यावर तू मला बोलावलंस. लॅबचं दार लोटून घेतलंस आणि म्हणालास, "बस. मध्ये उठू नको."

पहिल्यांदा लग्नाचा व्हिडिओ आला. रंग उडालेला, कडेनं गुलाबांची चौकट. वनिताताई अगदी कोवळ्या, मुंडावळ्या सरळ करतायत. खाली गिरणीचा आवाज, मिरची कांडतात तो. धप, धप, धप. मग त्या ठेक्यात दुसरा आवाज मिसळला, आणि तो मिरचीचा नव्हता. ती पोरगी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे मोबाइल ठेवायची. बाप मारायचा तो आवाज तिनं किती दिवस साठवला होता कोण जाणे. पडद्यावर नवरा बायकोला पेढा भरवत होता आणि खाली त्याचाच आवाज, वीस वर्षांनी थोराड झालेला, म्हणत होता, "तोंड उघड. उघड तोंड, रांडे." धप. भांडं पडल्याचा आवाज. वनिताताई ओरडत नव्हत्या. दम लागल्यासारखा नुसता श्वास. मध्येच मुलीचा आवाज, अगदी जवळून, "पप्पा, बस ना." आणि लगेच एक फटका, इतका जवळ की स्पीकर फाटला.

शेवटी काळ्या पडद्यावर तिनं तुझ्या नियमाप्रमाणे लिहिलं होतं, कुठून काय घेतलं ते. 'लग्नाची सीडी, कपाटातून. गिरणी, आईच्या कामावरून. बाकीचे आवाज आमच्या घरातले.'

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एक भयंकर अभिमानही. मला दोन्ही असह्य झालं. मी काय बोलले? "बापाचा आवाज घेतलाय. त्याला विचारलं का?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी खुर्ची मागे सरकवली. "मार खाताना तिनं परवानगी मागायची?"

"तूच नियम केलास, सुगत."

"मग नियम चुकला माझा!" तू टेबलावर इतक्या जोरात मूठ आपटलीस की की-बोर्ड उडाला. "ते राहू दे. तिनं हे मला का दाखवलं? तिला कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं. आता आपण ऐकलंय. सोमवारी मी वनिताताईंना गिरणीवर जाऊन भेटतो. संस्थेच्या एक ताई आहेत माझ्या ओळखीच्या, मारहाणीच्या केसेस बघतात. त्यांना घेऊन जातो. आधी त्या दोघींची राहायची सोय, मग पोलीस. तोवर बाहेर एक शब्द नको. सोमवारपर्यंत. कळलं?"

मी हो म्हणाले.

घरी जाऊन मी जेवले नाही. ते फटके माझ्या कानातून जाईनात, आणि मी ते मोजत होते. मला एकच सुचत होतं, हे थांबलं पाहिजे, आत्ता, चारचौघांत न येता. आमच्याकडे सगळं असंच मिटायचं. मोठ्या काकांना बोलावून, दार लावून, हळू आवाजात. मला वाटलं, या माणसाला कुणीतरी नीट शब्दांत सांगितलं की बाबा, तुझ्या मुलीला हे सगळं कळतंय, तर त्याला लाज वाटेल. शाळेतल्या बाईंनी सांगितलं तर वाटेलच. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी हजेरीपटातून नंबर काढला आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"मी सायलीच्या शाळेतून बोलतेय, मराठीच्या बाई. सायलीनं घरातलं काही रेकॉर्डिंग संगणकाच्या प्रोजेक्टला आणलंय. जरा नाजूक आहे. तुम्ही शांतपणे येऊन बोलून जा. मुलांसमोर वाढायला नको."

"हो मॅडम," तो म्हणाला. इतका नम्र आवाज. "येतो ना मॅडम. बरं झालं सांगितलंत. थँक्यू मॅडम."

मला हलकं वाटलं, सुगत. त्या दिवशी मी डबा पूर्ण संपवला.

शनिवारचं तुला किती आठवत होतं, ते तू प्रत्येक वेळी वेगळं सांगायचास. मला सगळं आठवतं. तो आधी घरी वनिताताईंचा जबडा मोडून आला होता, हे आपल्याला नंतर कळलं. सायली तेव्हा शाळेत निघून आलेली. त्यानं गेटवर माझं नाव सांगितलं, वहीत सही केली, आणि हातातल्या कापडी पिशवीत काय आहे ते कुणी विचारलं नाही. पिशवीत टामी होती, टेम्पोचं चाक खोलायची लोखंडी सळई. तो स्टाफरूमकडे आलाच नाही. सरळ दुसऱ्या मजल्यावर लॅबमध्ये गेला.

मी नववीच्या वह्या घेऊन वर येत होते. पहिला आवाज काच फुटल्याचा. मग मजल्यावरची मुलं ओरडत माझ्या अंगावरून खाली पळाली. मी दारात पोचले तेव्हा तीन मॉनिटर फुटले होते आणि सायली टेबलाखाली वायरींमध्ये शिरली होती. तो तिचा पाय धरून ओढत होता. तू त्याच्या पाठीवर उडी मारलीस. त्यानं वळून टामी घातली, ती तू हातावर झेललीस. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी फांदी मोडते तसा. दुसरा घाव कानाच्या वर. तू खाली बसलास, अगदी सावकाश, जणू दमून बसतोयस. रक्त कॉलरमध्ये गेलं. तिसरा घाव बरगड्यांवर, चौथा पाठीत.

स्पीकर चालू होते. ती तिचं काम तुला पुन्हा दाखवत असणार. बापाचा रेकॉर्ड केलेला आवाज भिंतीवरून शिव्या देत होता आणि बाप खोलीत त्याच शिव्या देत होता. एकदा तर दोघं एकाच शब्दावर आले. तो थबकला, स्पीकरकडे बघितलं आणि टामी फेकून स्पीकर फोडला.

तेवढ्या क्षणात तू उठलास. एका हातानं. की-बोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणलास, त्याचा ओठ फाटला, दात पडला. तो आडवा झाला आणि तू त्याच्या छातीवर गुडघा रोवून गळा धरलास. तुझं रक्त त्याच्या डोळ्यांत पडत होतं. तो हातपाय झाडत होता, मग झाडेनासा झाला. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला लिहिता येणार नाही. तुला मी कधी तसं पाहिलं नव्हतं. आपले शिपाई, तानाजीमामा, धावत आले आणि त्यांनी तुझी बोटं एकेक करून सोडवली.

मी हे सगळं पाहिलं. म्हणजे मी तिथे होते. पहिल्या घावापासून तानाजीमामा येईपर्यंत मी दारात उभी होते, छातीशी वह्यांचा गठ्ठा धरून. एक वहीसुद्धा खाली पडली नाही.

हॉस्पिटलात तुझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं. पोलिसांनी माझा जबाब घेतला, तेव्हा मी सांगितलं की आवाज ऐकून मी वर धावले, तोवर सगळं आटोपलं होतं. तो शाळेत का आला होता? मला माहीत नाही. तो पोलिसांच्या व्हॅनमध्ये चढताना "बाईंनीच बोलावलं, बाईंनीच बोलावलं" असं ओरडत होता म्हणे. पण रक्तानं माखलेल्या माणसाचं कोण ऐकतो.

शुद्धीवर आल्यावर तू मला पहिलं काय विचारलंस? "मामांनी सोडवलं नसतं तर तो मेला असता ना?"

"हो."

"मला तेच पायजे होतं, मेधा. मी शिक्षक-बिक्षक कोण नव्हतो तेव्हा. मला त्याचा जीव घ्यायचा होता." मग छताकडे बघत म्हणालास, "सायलीनं ते पण बघितलं."

तुला किती लोकांनी हार घातले, तुझे सत्कार केले! तू प्रत्येक ठिकाणी हेच सांगायचास आणि लोक विषय बदलायचे.

वनिताताई आणि सायली माहीमला मावशीकडे राहायला गेल्या. वनिताताईंना महिनाभर नळीनं पातळ पेज घ्यावी लागली. तुझ्या त्या संस्थेच्या ताईंनी सगळं केलं, जे तू सोमवारी करणार होतास. तो काही महिन्यांनी जामिनावर सुटला. आणि तुला फिट यायला लागल्या. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. औषधांनी तू सुजलास. पायऱ्या उतरताना भिंत धरायला लागलास. शब्द विसरायचास आणि विसरलास की चिडायचास. स्टीलचा पेला भिंतीवर फेकून मारलास एकदा, तुझ्या आईच्या डोक्यावरून. आईंनी मला फोनवर सांगितलं, अगदी हळू. "असा नव्हता गं माजा पोर."

आणि मग ती दुपार. स्टाफरूममध्ये आपण दोघंच होतो. तू म्हणालास, सायलीला तिचं काम पूर्ण करून शाळेच्या प्रदर्शनात लावायचंय, वनिताताईंची पण हो आहे. मी म्हणाले, "केस चालू आहे. इतक्यात नको. थोडं थांबा."

तू माझं मनगट धरलंस. मला वाटलं, समजावतोयस. मग तू पिळलंस. पिळत राहिलास, मी खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर येईपर्यंत. "तू नेहमी थांबायलाच सांगतेस," तू दातओठ खात म्हणालास. "आणि स्वतः मात्र..." आणि तिथेच थांबलास. तुझं लक्ष तुझ्या हाताकडे गेलं. तू हात असा झटकलास, जणू तो तुझा नाहीच.

"लिहून दे," तू म्हणालास. "माझी तक्रार कर. मुख्याध्यापिकाबाईंकडे. मी खाली सही करतो."

मी तक्रार केली नाही. घरी सांगितलं, जिन्यावर पडले. हेच वाक्य वनिताताई गिरणीवर वीस वर्षं सांगत आल्या होत्या. तू दुसऱ्या दिवसापासून वर्ग घेणं बंद केलंस. मुलांच्या जवळ आता मी नको, असं स्वतःच कळवून टाकलंस. त्या अर्धवट वाक्यापुढे तू काय बोलणार होतास, यावर मी चार महिने विचार केला. कळलं होतं मला. पण कळल्याचं कबूल केलं नाही.

त्यानंतरही दर शुक्रवारी मी चाळीच्या बदल्यात मिळालेल्या तुझ्या नव्या घरी यायची, सतराव्या मजल्यावर. आपण चहा प्यायचो, सायलीच्या एडिटवर वाद घालायचो. शेवटच्या शुक्रवारी तू म्हणालास, "काही बोलायचंय का तुला?" मी म्हणाले, "चहात साखर जास्त झालीय." तू हसलास. सोमवारी सकाळी न्हाणीघरात तुला फिट आली आणि नळावर डोकं आपटलं. आईंनी दार फोडायला शेजाऱ्यांना बोलावलं तोवर संपलं होतं.

काल तुझ्या घरी तुझं पुण्यानुमोदन होतं. भन्तेजी वंदना म्हणून गेले, माणसं जेवून पांगली. सायली आत कप विसळत होती. आईंनी मला शेजारी बसवलं.

"बाय, त्या दिवशी शाळंत बोलता बोलता थांबलीस का गं?"

मी म्हटलं, "भरून आलं होतं."

"नाय. माजा नवरा मेला, पोर मेला. भरून येणं मी वळखते. त्ये तसं नव्हतं."

मग मी सांगितलं. सगळं, फोनपासून. सांगताना माझा आवाज आपोआप खाली जात होता आणि त्या म्हणत होत्या, "मोठ्यानं. मला ऐकू येत नाय." दोनदा म्हणाल्या. संपलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात, सुगत. माझा चष्मा फरशीवर गेला, गालाच्या आतून रक्ताची चव आली.

"माज्या पोराला तू खाल्लंस," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हात उगारला. मी हलले नाही. मला तो हवा होता.

सायली ओल्या हातांनी धावत आली आणि मध्ये उभी राहिली. तिनं आईंचं मनगट वरच्या वर धरलं. "आजी, नको. हात नको."

"सोड. तुला म्हायीत नाय हिनं काय केलंय."

"माहितेय मला," सायली म्हणाली. "पप्पा गाडीत चढताना ओरडत होते. मी ऐकलं होतं. सरांना मी हॉस्पिटलमध्येच सांगितलं."

आईंनी हात खाली घेतला. मी विचारलं, "सर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई स्वतः सांगतील. मी नाही विचारणार." तिनं ड्रेसला हात पुसले. "मी दर वेळी विचारायचे, सांगितलं का? ते बोलायचे, नाही अजून."

म्हणजे तुला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. दर शुक्रवारी तू माहीत असून माझ्यासाठी कप काढायचास. सुगत, मला तुझा राग आलाय. विचारायचं होतंस. माझे दोन्ही खांदे धरून, मनगट पिळून, वाक्य पुरं करून विचारायचं होतंस. मला वेळ देऊन तू काय मिळवलंस? तुझ्याकडे वेळ नव्हता, हे तुला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. आणि तरीही, तू थांबलास. माझ्यासाठी आजवर कुणी इतकं थांबलेलं नाही. या दोन गोष्टी माझ्यात एकमेकींना ओरबाडतायत आणि मला त्यांचं काय करायचं ते समजत नाही.

आज सकाळी मी सरकारी वकिलांना फोन केला. ते वैतागले. "बाई, तुम्ही बोलावलं होतं म्हटलं की घुसखोरीचं कलम जाईल. समोरचा वकील तुम्हाला फाडून खाईल." मी म्हटलं, खाऊ दे. मग ते म्हणाले, "ठीक आहे. टामी आणायला तर तुम्ही सांगितलं नव्हतं ना? द्या लिहून."

पोलीस ठाण्यात सायली माझ्याबरोबर आली. मी बोलावलं नव्हतं, वनिताताईंनी पाठवलं म्हणाली. ती बाहेर बाकावर बसली. आत फौजदारांनी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलं? मी म्हटलं, घाबरले होते. कशाला? त्याला? नाही, म्हटलं, माझं नाव खराब होईल याला. त्यांनी तसंच उतरवून घेतलं. फोन कधी केला, काय बोलले, गेटवरच्या वहीत माझं नाव आहे. वाचून दाखवलं, मी सही केली.

बाहेर आले. ऊन होतं. सायली उठली.

"काय लिहिलंत, बाई?"

"फोन मी केला ते."

तिनं मान हलवली. पण जागची हलली नाही. माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिली.

"आणि तुम्ही दारात उभ्या होतात ते?" तिनं विचारलं. "मी टेबलाखाली होते. मला तुमच्या चपला दिसत होत्या. पहिल्यापासून."

मी परत आत गेले.